सवय? तशी काही नाही

"मॅडम, शेंगाची चटणी खाऊन सहा महिनं झालं."

सोलापूर जिल्ह्यात कुणी असं म्हणालं तर ते साधं दुखणं नव्हे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाची चटणी एवढं ताटात असलं की जेवण झालं. भाजी असली तर बरं, नसली तर कुणाचं अडत नाही. त्यामुळे चटणी सुटलेला माणूस खुर्चीत बसला की कुठली दाढ दुखते ते मी नंतर विचारते. आधी म्हणते, "जीभ बाहेर काढा बरं."

बार्शीत दवाखाना टाकला त्याला बावीस वर्षं झाली. लोक येतात दातांसाठी. किडलेली दाढ, हलणारा दात, सुनेचं रूट कॅनॉल, सासऱ्यांची कवळी. जीभ दाखवायला म्हणून सहसा कुणी येत नाही. उलट जीभ काढायला सांगितली की मोठी माणसं लाजतात. लहानपणी त्यावरून एकदा तरी थोबाडीत बसलेली असते ना. मग टोक तेवढं ओठांबाहेर येतं आणि लगेच आत जातं. "आणखी. अजून. देवीसारखी काढा," असं म्हटलं की हसतात आणि हसताना काढतात.

तर त्या मावशी. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी सगळं जसंच्या तसं.) वय पंचावन्नच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, सोबत सूनबाई. तक्रार खालच्या दाढेची, आणि जाता जाता चटणीची. जीभ काढली तर लालभडक आणि चकचकीत. निरोगी जिभेवरून गॉजचा तुकडा फिरवला की तो जरा अडखळतो, कारण तिच्यावर दोऱ्याच्या टोकांसारखे हजारो बारीक उंचवटे असतात. मावशींच्या जिभेवरून गॉज सर्रकन घसरला. सोललेल्या टोमॅटोवरून घसरावा तसा.

पुढची गोष्ट मी सवयीनं केली. माझ्या सवयीनं. खालचा ओठ दुमडून बाहेर ओढला. ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत काळपट डाग, आणि त्याच्याखाली पांढरट, सुरकुतलेली कातडी. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांची होते तशी.

"काही सवय?"

"सवय कसली ओ, माळकरी माणूस मी."

"मिसरी?"

"ती व्हय. ती लावती की. सकाळी आन् रातच्याला. पोट साफ हुतं त्यानं."

मिसरी म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. कुणी मशेरी म्हणतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटानं दात-हिरड्यांना घासायची. घरात भाजली की सगळ्या गल्लीला ठसका लागतो. दात घासायची पूड म्हणून तिची सुरुवात होते. बहुधा पहिल्या बाळंतपणाच्या आसपास, दात दुखतो म्हणून आई किंवा सासू देते. आणि मग दिवसातून एकदाची चारदा होते. बायकांच्या हिशेबात हे तंबाखू खाणं नसतं. तंबाखू पुरुष खातात.

झालं. मला गुन्हेगार सापडला होता. वीस मिनिटं मी मावशींना मिसरीवर ऐकवलं. फोटो दाखवले. सूनबाई मान डोलावत होती, तिला हे कुणीतरी बोलायला हवंच होतं. "ही जीभ त्या मिसरीनं सोलून निघालीय," असं मी म्हणाले. हेच शब्द. ते मला पुढे पुरते नडले.

मावशींची गोष्ट इथे थोडी थांबवते, कारण त्या "सवय" या शब्दाबद्दल मला बोलायचंय.

आमच्या केसपेपरवर एक रकाना असतो, सवयी. कॉलेजात शिकवलं होतं की हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच. मी पहिली पाच-सहा वर्षं इमानदारीत विचारला आणि इमानदारीत "नाही" असं लिहून घेतलं. ओठ लाल, दात कातानं विटकरी, शर्टाच्या खिशात चुन्याची डबी, आणि उत्तर "तशी काही नाही". माणूस खोटं बोलत नसतो. मराठीत सवय विचारली की त्याला ऐकू येतं व्यसन, आणि व्यसन म्हणजे दारू. तंबाखू ही तंबाखू असते. विडी कधीच "सोडलेली" असते, कधी कधी आदल्या रात्री. आणि सुपारी तर काहीच नसते.

आता मी तो शब्दच वापरत नाही. विचारते, जेवण झाल्यावर तोंडात काय टाकता? दात कशानं घासता? रात्री पाण्याच्या पाळीला शेतावर जाता तेव्हा झोप येऊ नये म्हणून काय करता? आणि सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे, "कुठल्या बाजूला धरता?" हा सहज, दुसरीकडे बघत विचारायचा. उत्तर यायच्या आधी बोट गालाकडे गेलेलं असतं.

एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता, अक्कलदाढ दुखते म्हणून. तोंड उघड म्हटलं तर उघडेना. मला वाटलं सूज असेल. मग विचारलं, "पाणीपुरी अख्खी जाते का?" हा प्रश्न पुस्तकात नाही, पण आपल्याकडचे बरेच दातांचे डॉक्टर विचारतात. तो म्हणाला, "फोडून खातो. दीड-दोन वर्षं झाली." त्याची आई मध्येच कौतुकानं म्हणाली की कॉलेजला गेल्यापासून पोरगं नीट, छोटे छोटे घास घेऊन जेवायला लागलंय.

स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. बहुतेकांची जातात. त्याची दोन जेमतेम गेली. मोजलं तर २३ मिलिमीटर. जीभ काढायला लावली तर खालच्या ओठापर्यंत येऊन थांबली, जशी मागून कुणी दोरी धरलीय. रंग फिकट, वर खरखर नाही. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊ कातडीऐवजी उभ्या ताठ दोऱ्या लागल्या.

"काय खातोस?"

"काही नाही. नुसती सुपारी."

एक रुपयाची पुडी, दिवसाला पंधरा-वीस. तंबाखू कधीच नाही, आईची शपथ. आणि ते खरंच होतं.

सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं तोंडाच्या अस्तराखाली चिवट तंतू साठत जातात आणि मऊ, ताणलं जाणारं अस्तर हळूहळू चामड्यासारखं होतं. सुरुवात होते तिखट झोंबण्यापासून, म्हणजे पुन्हा चटणी. मग तोंड आखडतं, जीभ आखडते. एकदा आखडलेलं पूर्ववत होत नाही, फार तर थोडंफार सुटतं. आणि ते कर्करोगाकडे वळू शकतं. त्याला तंबाखूची गरज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलंय.

मला या आजाराच्या इतिहासातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरनं केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हे पाहिलं आणि त्याला जे लांबलचक लॅटिन नाव दिलं, त्यात एक शब्द होता "इडिओपॅथिका". म्हणजे कारण अज्ञात! त्या बायकांना कुणी काय आणि कसं विचारलं असेल ते माहीत नाही, पण मी त्या खोलीत असल्यासारखं मला ते उत्तर ऐकू येतं. सवय? तशी काही नाही.

आणि त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आपण सुपारीला गणपती म्हणून पाटावर बसवतो, लग्नात मुंडावळ्यांच्या आधी ती येते, पाहुण्यापुढे पान-सुपारीचं तबक धरलं नाही तर नाकं मुरडली जातात. त्या वस्तूनं तोंड बंद होईल असं कुणाच्या मनात येणार? २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. लोकांच्या लेखी त्याचा अर्थ असा झाला की जे उघड लटकलेलं दिसतं ते चालतं.

तो मुलगा अजून येतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एखादी वाढवायची, असा व्यायाम त्याला दिलाय. वर्षभरात २३ चे २७ झाले. पाणीपुरी अजून फोडूनच.

दुसरा शब्द ज्यानं आमचं नुकसान केलंय तो म्हणजे "तोंड आलंय".

मराठीत तोंड येतं. उष्णतेनं येतं, जागरणानं येतं, परीक्षेत येतं, लोणच्यानं येतं. मोहरीएवढा फोड आला तरी तोंड आलं, आणि जिभेच्या कडेला चार महिन्यांची जखम असली तरी तोंडच आलंय. उपायही तयार असतात. सब्जा, गुलकंद, तुपाचं बोट, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या दहा गोळ्या. साधे फोड आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात, त्यामुळे प्रत्येक उपाय कधी ना कधी गुणकारी ठरलेला असतो. आणि म्हणूनच जी जखम बरी व्हायची नसते तिच्यावरही महिनोन् महिने गुलकंद लागत राहतो.

माझ्याकडे भिंतीवर कागद चिकटवलाय: पंधरा दिवसांत बरं झालं नाही तर ते तोंड येणं नव्हे. अक्षर मोठं आहे. तरीही.

जिभेची कड तपासायची एक पद्धत आहे. टोक गॉजमध्ये पकडायचं, कारण नुसत्या बोटांतून ते मासोळीसारखं निसटतं. मग जीभ उजवीकडे ओढून डावी कड मुळापर्यंत बघायची, नंतर डावीकडे ओढून उजवी. ही कड आणि जिभेखालची जागा नाजूक. तंबाखूचा रस उतरून साचतो तो नेमका तिथेच. बघून झालं की बोटांच्या चिमटीत धरून चाचपायचं. खरी परीक्षा ही. तुटलेल्या दाढेच्या टोकानं झालेली ताजी जखम दुखते, पण बुडाशी मऊ लागते. मी ते टोक घासून गुळगुळीत करते आणि पंधरा दिवसांनी बोलावते. बहुतेक वेळा तोवर जखम भरून आलेली असते, माणूस मला देव मानतो आणि मी काहीच केलेलं नसतं.

पण कधी कधी चिमटीत काहीतरी कडक लागतं. वरण छान शिजलंय आणि त्यात एखादा तुरीचा दाणा टणक राहिलाय, तसं. बार्शी तुरीच्या डाळीचं गाव असल्यामुळे मला दुसरी उपमा सुचत नाही. आणि बऱ्याचदा ते दुखतसुद्धा नाही. "दुखत नाही ना, मग काय" हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. माझ्या बोटाला ते लागलं की माझा आवाज बदलतो म्हणे. माझी असिस्टंट सांगते. ती न विचारताच चिठ्ठीचं पॅड पुढे सरकवते.

त्या बाबतीत आमच्या गावाचं नशीब बरं. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल गावातच आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीतच सुरू झाली, १९८७ साली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत नोंदणीची माणसं स्वतः फिरायची, कारण माणूस दवाखान्यात येईल आणि मग आपण नोंद करू, असं म्हणत बसलं तर नोंद झालीच नसती. म्हणून मी जेव्हा चिठ्ठी लिहिते तेव्हा रिक्षानं दहा मिनिटांवर पाठवते. तरी काही जण ती दहा मिनिटं चार महिन्यांत पार करतात.

आता उलट बाजू, जी मला सांगायला जास्त आवडते. प्रत्येक जिभेमागे काहीतरी केलेलं असतं असं नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली. मोबाइलमध्ये तिच्या जिभेचे सत्तरेक फोटो, तारीखवार. लाल बेटं, त्यांना पांढरी किनार. सोमवारी बेट डावीकडे, शुक्रवारी ते गायब, दुसरं मध्यभागी. तिनं रात्री दोन वाजता इंटरनेटवर जे वाचायचं ते सगळं वाचलं होतं. याला नकाशा जीभ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. बारीक उंचवटे एका जागचे गळतात, परत येतात, दुसरीकडचे गळतात. कुणाकुणाला तिखट-आंबट झोंबतं, बाकी त्रास नाही. औषध नाही, गरजही नाही. का होते ते नक्की कळलेलं नाही. लहान मुलांत दिसली की आया जंताचं औषध पाजतात. जंत बिचारे या बाबतीत निर्दोष आहेत. गंमत म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांत ही जीभ कमी आढळते असं काही पाहण्यांत निघालंय. ही माहिती मी दवाखान्यात कुणालाही देत नाही.

करोनानंतर आणखी एक जमात वाढलीय. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जिभेचं मूळ बघणारे. तिथे मागे आठ-बारा मोठे गोल उंचवटे उलट्या व्हीच्या आकारात असतात. सगळ्यांनाच असतात, जन्मापासून. पण पहिल्यांदा दिसले की त्या रात्री झोप नाही. "मॅडम, मागं गाठी झाल्यात." मी त्यांना माझी जीभ काढून दाखवते. याहून झटपट इलाज मला ठाऊक नाही.

आणि एक सून आली होती. एकटी, दुपारच्या वेळी, दवाखान्यात कुणी नसताना. दाताला काही झालेलं नव्हतं. खूप वेळ दाताबद्दलच बोलली आणि मग म्हणाली, "जिभेवरचे डाग जातात का हो? लेझरनं वगैरे?" टोकाला आणि कडेला काळेसावळे ठिपके, खसखशीएवढे. लग्नानंतर दीड वर्षात घरात एक म्हैस दगावली होती आणि दिराचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या दोन्हींच्या आधी ती म्हणे सहज काहीतरी बोलून गेली होती. काळजिभी. सासू थेट बोलत नव्हती, पण ही स्वयंपाकघरात आली की बोलणं थांबायचं.

ते ठिपके म्हणजे चव ओळखणाऱ्या उंचवट्यांत साठलेला रंग, त्वचेचा असतो तोच. सावळ्या माणसांत हे भरपूर दिसतं, कळत्या वयात दिसायला लागतं आणि त्यानं कुणाचंही, म्हशीचंसुद्धा, काही बिघडत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिला ते कळलं, पण तिचा प्रश्न तो नव्हताच. शेवटी मी लेटरहेडवर लिहून दिलं: जीभ तपासली, निरोगी आहे, डाग नैसर्गिक आहेत. सही, शिक्का. वैद्यकीयदृष्ट्या त्या कागदाला काही अर्थ नाही. पुढच्या महिन्यात तिनं सासूलाच दात दाखवायला आणलं, आणि सासू म्हणाली, "माझी बी जीभ बघा, माझ्यावर बी हाय का?" होते. तीन.

जिभेला केस आले म्हणून घाबरलेले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आठवतात. खरेच केस नव्हेत. ते दोऱ्यासारखे उंचवटे झडायचे थांबले की वाढत जातात. एरवी मिलिमीटरभर असतात, ते सेंटिमीटरच्याही पुढे जातात, त्यात चहा-विडीचा रंग बसतो आणि जीभ काळ्या घोंगडीसारखी दिसते. काकांची विडी चालू होती, चहा दिवसाला दहा कप. मी भाषण सुरू करणार तेवढ्यात त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "हे मात्र रोज न चुकता करतोय, तुम्ही दिलेलं." सहा महिन्यांपूर्वी हिरडीच्या उपचारानंतर मी त्यांना क्लोरहेक्सिडीनची गुळणी दिली होती, दोन आठवड्यांसाठी. "बरं वाटत होतं म्हणून चालूच ठेवलं." त्या गुळणीनं जीभ आणि दात काळपट होतात हे मला माहीत होतं. बंद कधी करायचं ते मी बहुधा तोंडी पुटपुटले असेन. विडी, चहा आणि मी, असे तिघे त्या घोंगडीचे विणकर. गुळणी थांबवली, मऊ ब्रशनं जीभ घासायला लावली, विडी त्यांनी "कमी" केली. महिन्याभरात घोंगडी गेली.

जीभ घासण्यावरून आठवलं, हलक्या हातानं घासा. आमच्या आजोबांची पिढी कडुलिंबाची काडी मधोमध चिरून तिनं जीभ काढायची आणि त्यांचा तो ओकारीचा आवाज चार घरं उठवायचा. आता स्टीलचे टंग क्लीनर आलेत आणि काही जण रक्त येईपर्यंत खरवडतात. जीभ पांढरट असते. बऱ्याच जणांची. ती गुलाबी करून दाखवायची स्पर्धा नाही.

हां, तर मावशी.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. मिसरी सोडली होती. खरंच सोडली होती, सूनबाईनं साक्ष दिली. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, पोट साफ होईना, घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांची गोष्ट त्यांनी माझ्या एका वाक्यावर सोडली होती. जीभ काढली. तशीच. लाल, चकचकीत, गॉज सर्रकन घसरला.

"आता?" मावशी म्हणाल्या. रागानं नाही. खरंच विचारत होत्या.

आणि तेव्हा मी ते विचारलं जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. कुठल्या गोळ्या चालू आहेत? सूनबाईनं पर्समधून पाकीट काढलं. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, नऊ वर्षं झाली. माळ घातल्यापासून मटण-अंडं बंद. दूध फक्त चहात, तोही आता बिनसाखरेचा म्हणून नकोसा. एकादशी, सोमवार.

बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतंच, ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आहे तेवढंही शरीरात कमी शोषलं जातं. गोळी चांगली आहे, सोडायची नाही, पण मधूनमधून बी-१२ तपासायला हवं. कमी पडलं की ज्या पेशी रोज नव्या घडाव्या लागतात तिथे आधी कळतं, आणि जिभेवरच्या पेशी त्यातल्याच. रक्त तपासलं. २०० च्या खाली कमी समजतात, मावशींचं ११८. साखरेच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. "पायाला मुंग्या येतात का?" असं त्यांनी विचारल्यावर मावशी म्हणाल्या, येतात की, वर्ष झालं. त्या मी विचारल्याच नव्हत्या. मी तंबाखू शोधत होते.

सहा आठवड्यांनी जीभ कडेकडेनं खरखरीत व्हायला लागली. तीन महिन्यांनी गॉज अडखळला. मावशींनी दवाखान्यात स्टीलच्या डब्यातून शेंगाची चटणी आणली, माझ्यासाठी म्हणून, आणि माझ्यासमोर चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवली.

मग डबा बंद करता करता म्हणाल्या, "म्हंजी मिसरीचा कायबी संबंध न्हवता."

"त्या जिभेशी नव्हता," मी म्हणाले.

"मग लावली तर चालंल."

यावर काय बोलायचं? ओठामागच्या पांढऱ्या पट्ट्याचं मी बोलले. तो मिसरीचाच होता, आजही आहे. पण माझ्या खात्यात आता शिल्लक नव्हती. पहिल्या दिवशी मी नको त्या दुखण्याचं बिल मिसरीच्या नावावर फाडलं होतं. आता खरं बिल दाखवत होते आणि मावशींच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे आपण नेमाने चुकणाऱ्या ज्योतिषाला दाखवतो. सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेतलं मला अजून आठवतं.

मिसरी पुन्हा सुरू झाली. सकाळी एकदाच, असं म्हणतात. एक गोष्ट मात्र मी मिळवली: दर चार महिन्यांनी ओठ दाखवायला यायचं. त्या येतात. चटणी आणतात. मी ओठ दुमडते, पट्टी लावून मोजते, वहीत लिहिते. चार वेळा मोजला, चारही वेळा १२ मिलिमीटर. परवा १५ भरला, आणि एका टोकाला पांढऱ्यात थोडी लाली दिसली. तुकडा तपासायला घ्यायला हवा म्हणून पुढच्या गुरुवारची वेळ दिलीय. सूनबाई घेऊन येते म्हणाली. मावशी म्हणाल्या, "दुखत तर न्हाई. बघू."